कोल्हापूरची खरी वेळ

रविवार, ३ मार्च १९७४. सकाळ. सरकारी ७.३३, खरी ७.००.

आजपासून रोजनिशी. ही कुणी वाचायची नाही. माझ्या स्वतःच्या संदर्भासाठी आहे.

काल वाचनालयात जे घडलं ते नीट नोंदवतो. प्रा. गणपतराव इंगवले यांचं व्याख्यान होतं. विषय: शिस्त. वेळ: सहा. सहा वाजता हॉलमध्ये तिघं, प्रोफेसर, वाचनालयाचा सेक्रेटरी दिलदार शिकलगार आणि मी. माणसं साडेसहानंतर आली. प्रोफेसर म्हणाले, उशीर हा कोल्हापूरचा जुनाट रोग आहे.

मी उभा राहिलो. म्हणालो, रोग नाही, गणित आहे. देशाचं घड्याळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावर लावलेलं. कोल्हापूर चौऱ्याहत्तर अंश चौदा मिनिटांवर. फरक तेहेतीस मिनिटं चार सेकंद. सूर्यच आपल्याकडे तेवढा उशिरा येतो. संस्थानी काळात गाव आपल्या स्वतःच्या वेळेनं चालायचं आणि ती वेळ अजून आपल्या अंगात आहे. कोल्हापूरचा माणूस उशिरा येत नाही. तो खऱ्या वेळेवर येतो.

टाळ्या पडल्या. प्रोफेसर हसले. म्हणाले, "कल्पना छान आहे, मगदूमसाहेब. पुरावा?" 'छान' त्यांनी असं म्हटलं, जसं लहान पोरानं काढलेल्या हत्तीला म्हणतात. चाळीस माणसांसमोर. दिलदारनं तिथल्या तिथं जाहीर करून टाकलं की ११ ऑगस्टला, वाचनालयाच्या वर्धापनदिनी, बापूसो मगदूम पुराव्यासहित बोलतील.

माझं शिक्षण सातवी, व्हर्नाक्युलर फायनल. पुढचं सगळं स्वतःचं स्वतः. घड्याळं शिकलो, रेखांश शिकलो, इंग्रजी डिक्शनरी पाठ करत 'पी' अक्षरापर्यंत आलोय. वय ४८. राजारामपुरीत दुकान पुढं, घर मागं. माझ्या हातून गेलेलं घड्याळ परत येत नाही. (एकदा एक आलं होतं. गिऱ्हाईकाची चूक.)

पुरावा देणार.

बुधवार, ६ मार्च. दुपार. सरकारी २.३३, खरी २.००.

पुरावा आहे. कुठं आहे हेही माहीत आहे. फक्त पाहायचा राहिलाय.

माझ्याकडे रद्दीतून घेतलेलं एक इंग्रजी प्रवासवर्णन आहे. कव्हर नाही, पहिली बावीस पानं नाहीत, म्हणून लेखक माहीत नाही. त्यात एक तळटीप: 'कोल्हापूरच्या वेळेविषयी १८९३ ची रेल्वे गाइड पाहा, पान ६१.' म्हणजे कोल्हापूरची वेळ अशी काही वेगळी वस्तू होती. नसती तर तळटीप कशाला? तळटीप कुणी गंमत म्हणून लिहीत नाही.

माझा ग्रंथ 'कोल्हापूरची खरी वेळ', हस्तलिखित पानं २१४. पहिलं पान कोरं सोडलंय. तिथं हे पान ६१ येणार.

दिलदारचं टेलरिंगचं दुकान माझ्या शेजारी. तो शिलाई न थांबवता म्हणाला, "असलं म्हातारं पुस्तक हितं कुटलं घावतंय, बापूसो? कलकत्त्याला सरकारी मोठ्ठं ग्रंथालय हाय. तितंच असंल तर असंल."

मी म्हणालो, मग कलकत्ता.

बायको चंदना आतून म्हणाली, "मिरजेला जाऊन आलासा तवा तीन दिस डोकं धरून झोपला हुतासा."

हे चूक आहे. अडीच दिवस.

गुरुवार, ११ एप्रिल. सरकारी ११.४८, खरी ११.१५.

मार्चमध्ये कलकत्त्याला पत्र टाकलं होतं. आज उत्तर! टाइप केलेलं, वर राजमुद्रा. पोस्टमन पिराजीनं सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडून दिलं. दाराशी नऊ माणसं गोळा.

पुस्तक आहे. तिथं बसून वाचता येईल. सोबत एका गॅझेटेड ऑफिसरची शिफारस आणावी. आणि मग हे वाक्य, जसंच्या तसं: 'ए रीडर्स टिकेट विल बी इश्यूड टु यू ऑन प्रॉडक्शन ऑफ धिस लेटर.'

'प्रॉडक्शन' मला येतो, पीमध्येच आहे: उत्पादन. पत्राचं उत्पादन? तासभर विचार करून संदर्भानं लावलं: पत्र काढून दाखवणे. 'इश्यू' आयमध्ये होऊन गेलाय. आर आणि टी अजून यायचेत, पण रीडर म्हणजे वाचक आणि टिकेट म्हणजे तिकीट हे कुणालाही कळतं. थोडक्यात, पत्र दाखवलं की वाचकाला तिकीट मिळणार. रेल्वेवाल्यांना पास असतो, जवानांना वॉरंट असतं, तशी ही अभ्यासकांसाठी केंद्र सरकारची सोय दिसते. आपल्याकडे याची कुणाला माहितीच नाही.

दिलदारला समजावून सांगितलं. तो म्हणाला, "येकदा स्टेशनात इचारून घ्या की." मी म्हणालो, सरकारनं टाइप करून दिलेलं विचारायचं नसतं.

आता परगावच्या मुक्कामाचा तेवढा खर्च बघायचा.

सोमवार, २२ एप्रिल.

गॅझेटेड ऑफिसर मिळाला. जनावरांच्या दवाखान्याचे मोठे डॉक्टर. त्यांचं गजराचं घड्याळ मी दोनदा दुरुस्त केलंय. (वरची नोंद पाहून लक्षात आलं: हे दुसरं. पण तेही गिऱ्हाईकाची चूक.) त्यांनी लेटरहेडवर इंग्रजीत लिहून दिलं: सदर इसमास मी सहा वर्षे ओळखतो. स्वभाव शांत. प्रकृती उत्तम. कोणताही संसर्गजन्य रोग नाही. रेल्वेने नेण्यास योग्य.

असं सर्टिफिकेट प्रोफेसरांकडेही नसेल.

गुरुवार, २ मे. सरकारी ७.०३ सकाळ, खरी ६.३०.

निघायची तारीख ठरली: गुरुवार, ९ मे.

अडचणी बऱ्याच आहेत, पण मी अडचणींना मोजत नाही. पहिली, मासे. आम्ही जैन. बंगालात म्हणे कुठंही जा, वास येतोच. दुसरी, आमचं जेवण सूर्य मावळायच्या आत. कलकत्त्यात सूर्य आपल्याआधी जवळजवळ एक तास मावळतो, म्हणजे भूक लागायच्या आधीच जेवावं लागणार. कुणी याचा विचार करत नाही. तिसरी, हावड्याचा पूल. चंदना म्हणते मला पुलाची भीती वाटते. भीती नाही. पुलाची लांबी दोन पुस्तकांत वेगवेगळी दिलीय. नक्की किती ते कळल्याशिवाय ओलांडणं बरोबर नाही.

चंदनानं पंधरा दिवस टिकतील अशा दशम्या करायला घेतल्यात. ती जरा जास्तच उत्साहानं करतेय.

बुधवार, ८ मे.

देशभर रेल्वेचा संप सुरू. गाड्या बंद.

माझी तयारी पूर्ण होती, हे इथं स्पष्ट नोंदवून ठेवतो. ट्रंक बांधून दारात होती. नाइलाज. आज कित्येक दिवसांनी नीट जेवलो. दशम्या चांगल्या झाल्यात.

मंगळवार, २८ मे.

संप मिटला. रेडिओवर सांगितलं.

चंदनानं विचारलं, तोंड का उतरलं. म्हणालो, कामगारांसाठी.

रविवार, ९ जून. सरकारी ९.०३ रात्र, खरी ८.३०.

आज वाचनालयात माझा सत्कार. मी नको म्हणत होतो, पण एकदाच. फेटा, नारळ, हार. दिलदार बोलायला उभा राहिला. "आमच्या राजारामपुरीचा मानूस, शाळा सातवी, आनि सरकार तिकीट देऊन बलिवतंय कलकत्त्याला! ह्याला म्हंत्यात इद्या!" हॉल दणाणला. परवाच्या पेपरात बातमी येणार: 'श्री. बापूसो मगदूम संशोधनार्थ कलकत्त्यास रवाना.' रवाना बुधवारी होणार, बातमी मंगळवारी. मी चूक दाखवली. दिलदार म्हणाला, "आता कुटं जातासा? गेलासाच म्हनून समजा."

प्रोफेसर आले होते. हात हातात घेऊन म्हणाले, "खरंच जाताय. मला आनंद वाटतो." हा माणूस मनातून हादरलाय.

गुरुवार, १३ जून. मुक्काम पेठ वडगाव. सरकारी ४.०५ दुपार. (खरी वेळ काढण्यात अडचण: वडगाव कोल्हापूरच्या पूर्वेस असल्यामुळे इथली खरी वेळ वीसेक सेकंदांनी पुढे. नकाशा मिळेपर्यंत थांबतो.)

कालचा वृत्तान्त. स्टेशनवर निरोपाला चौदा माणसं. दिलदारनं हलगीवालाही आणलेला. मी एकटाच खिडकीशी गेलो, पत्र आणि शिफारस दोन्ही आत सरकवली आणि म्हणालो, हावडा एक. क्लार्कनं पत्र वाचलं. मग शिफारस वाचली. मग माझ्या फेट्याकडं बघितलं. म्हणाला, "पावणं, ह्ये वाचायचं तिकीट हाय. तितं पोचल्यावर आत बसून वाचायला. गाडीचं तिकीट पैशानंच मिळतंय." मी विचारलं, खात्री आहे? तो म्हणाला, "मी गाडीतनंच येतो-जातो की वो, वाचनालयातनं न्हाय."

मागं हलगी थांबेना. खिशात मुक्कामापुरतं. हावड्याचं तिकीट काढलं तर मुक्काम नाही, मुक्काम केला तर हावडा नाही. मागं वळून चौदा माणसांना सांगायचं काय? दिलदारनं तेवढ्यात हाक मारली, "घावलं का वो?" मी हात वर केला. हात वर करण्याचा अर्थ काहीही होऊ शकतो. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

तांत्रिक कारणास्तव प्रवासाचा पहिला टप्पा हातकणंगलेपर्यंत ठेवला. तिथून एसटीनं वडगाव, थोरली बहीण अक्काताईकडं. नारळ तिला दिला. ती दारातच म्हणाली, "मुलूखभर बोंब केलीस कलकत्त्याला निगालो म्हनून, आनि माज्या उंबऱ्यात आलास व्हय?" मी म्हणालो, टप्प्याटप्प्यानं जाणार आहे. म्हणाली, "मग म्होरला टप्पा माळ्यावर. खाली कुनाला दिसू नगंस."

दोन दिवसांत निघतो.

शनिवार, १५ जून. माळा.

आज निघणार होतो. पाऊस.

माळ्यावर भुईमुगाची अकरा पोती आणि मी. उभं राहता येत नाही. कमाल उंची तुळईखाली चार फूट सात इंच, माझी पाच-चार. बसून अभ्यास उत्तम होतो. मोठमोठ्या ग्रंथालयांत असंच एकेक कोपरं देतात म्हणे.

चंदनाला पत्र लिहायचा विचार केला. पत्रावर शिक्का वडगावचा पडणार. कलकत्त्याचा शिक्का वडगावात पडत नाही. म्हणून लिहिलं नाही. काळजी करत असेल बिचारी.

सोमवार, १७ जून.

वडगावचा बाजार. कोल्हापूरची निम्मी माणसं खालच्या रस्त्यावर. दिवसभर खिडकीची फळी लावून बसलो. दुपारी खालून ओळखीचा आवाज आला, आमच्या गल्लीतला दूधवाला ज्ञानू. अक्काताईला विचारत होता, "माळ्यावर कोन खोकलालंय?" अक्काताई बिनदिक्कत म्हणाली, "पावणा हाय. कावीळ झालीया."

प्रसंगावधान चांगलं. पण परिणामांचा विचार नाही.

मंगळवार, १८ जून.

परिणाम. कावीळ ऐकून शेजारची चिमणाबाई औषध घेऊन आली. तिच्या औषधानं म्हणे आजवर एकही दगावला नाही. कसलातरी पाला वाटून दिला आणि मुळ्यांची एक बारीक माळ गळ्यात घातली. कावीळ उतरेल तशी माळ लांब होत जाते, बेंबीपर्यंत आली की रोगी बरा. तोवर तेल बंद, मीठ बंद, तिखट बंद. अक्काताईनं कुणी शपथ घातल्यासारखं सगळं पाळायला घेतलं. मी हळूच म्हणालो, मला कावीळ नाही. ती म्हणाली, "ती दारात बसलीया बघत. गप गिळ."

माळेची लांबी आज: सव्वादहा इंच.

गुरुवार, २० जून.

कोल्हापूरहून एसटीच्या कंडक्टरनं एक गाठोडं आणून दिलं. चंदनानं पाठवलंय. आत माझे दोन धुतलेले सदरे, धोतर, घरी विसरलेला चष्मा आणि खोकल्याची बाटली.

चंदनाला काहीच माहीत नाही. अक्काताईच्या घरच्या गड्यासाठी जुने कपडे पाठवले असणार. चष्मा चुकून आला असावा. बाटलीचा उलगडा होत नाही.

माळ: अकरा इंच. वाढतेय. मुळ्या वाळल्या की गाठी सैल होतात, बाकी काही नाही. तरी तोंडाची चव गेलीय हे खरं.

सोमवार, २४ जून.

पुन्हा बाजार, पुन्हा फळी. उकाडा. अक्काताईनं शेंगा फोडायला दिल्यात. सकाळपासून पावणेदोन पायली. फोडता फोडता कलकत्त्याच्या मुक्कामाचा आराखडा मनात पक्का केला. ग्रंथालयात कुठल्या दारानं शिरायचं, काउंटरवरच्या माणसाशी काय बोलायचं. इतका पक्का केला की आता गेलो नाही तरी चालण्यासारखं आहे.

माझं घड्याळ कलकत्त्याच्या खऱ्या वेळेवर लावलंय. सरकारी वेळेपेक्षा तेवीस मिनिटं पुढं. निदान घड्याळ तरी पोचलं.

शुक्रवार, २८ जून.

ठराव: उद्या पहाटे उठून सरळ हावडा. पैशाचं अक्काताईला विचारणार.

संध्याकाळ. विचारलं. ती म्हणाली, "देते की. आत्ता देऊ?" इतक्या पटकन देईल असं वाटलं नव्हतं. म्हणालो, आत्ता नको, चिमणाबाईचा कोर्स अपुरा राहील.

अक्काताई म्हणाली, "बापू, भ्या वाटतंय म्हन की. मला काय, मी भनच हाय तुजी." हिला वाचनाची आवड नाही. त्यामुळं असं बोलते.

मंगळवार, २ जुलै. राजारामपुरी. सरकारी ६.१३ संध्याकाळ, खरी ५.४०.

परतलो. हातकणंगलेहून मुद्दाम रेल्वेनंच आलो. नियम म्हणजे नियम.

स्टेशनाबाहेर दिलदार! कुणी सांगितलं कुणास ठाऊक. चंदनाही त्याच्याबरोबर. मला बघून ती फक्त म्हणाली, "आलासा? बरं झालं. अक्काताई बऱ्या हाईत न्हवं?" सवयीनं विचारलं असणार.

दिलदारनं गळ्यातली माळ हेरली. विचारलं, "ही कसली वो?" मी म्हणालो, तिकडच्या विद्वानांनी घातली. तो म्हणाला, "आमच्या घरच्या अमीरबीच्या गळ्यात गेल्या साली अस्सलच हुती. काविळीत." मी म्हणालो, असेल. चांगल्या गोष्टी सगळीकडं पसरतात.

मग मुख्य प्रश्न. "घावलं का पान?"

या प्रश्नाची तयारी माळ्यावर केली होती. म्हणालो, ग्रंथालय प्रचंड आहे, माणसं सज्जन आहेत, पण ते नेमकं पुस्तक बायंडिंगला गेलंय. सरकारी बायंडिंग, वर्षभर तरी येत नाही. दिलदार हळहळला. "आरं तिच्या! येवढ्या लांब जाऊन!" त्याचा चेहरा बघून मलासुद्धा वाईट वाटलं. पुस्तक बायंडिंगला द्यायची ही काय वेळ?

गुरुवार, ४ जुलै.

वाचनालयात सगळ्यांना बायंडिंगचं सांगून झालं. आठ वेळा. प्रोफेसरांनी शांतपणे ऐकलं, पुस्तकाचं नाव आणि साल विचारलं आणि एका कागदावर टिपून घेतलं. त्यांचा रस वाढतोय.

११ ऑगस्टला बोलायचंच आहे. पुरावा नसताना बोलण्याचीही एक पद्धत असते. ती शोधतोय.

शनिवार, २० जुलै.

पद्धत सापडली नाही. पहिलं पान कोरंच. हातात भिंग असताना काटा निसटला, स्क्रू हरवला, शनिवारभर जमिनीवर रांगत होतो. रस्त्यावरून जाणारा हरेक माणूस आत डोकावून विचारतो, "बायंडिंगचं काय झालं?" दाराला पडदा लावावा म्हणतो.

शनिवार, २७ जुलै. सरकारी ५.२० संध्याकाळ.

लिहायला हात धजत नाही. पण नोंद म्हणजे नोंद.

चार वाजता प्रोफेसर आले. एकटेच. मनगटावरचं घड्याळ काढून काउंटरवर ठेवलं. म्हणाले, मागं पडतंय. मी उघडून पाहिलं. घड्याळ अचूक होतं. मी तसं सांगितलं. ते म्हणाले, "असू दे, तुमच्याकडं यायला काहीतरी निमित्त हवं होतं." स्टुलावर बसले. चंदनानं चहा दिला. आत गेली, पण पडदा हलत होता.

मग त्यांनी खिशातून लिफाफा काढला. वर राजमुद्रा. म्हणाले, "मी एक कार्ड टाकलं होतं. पुस्तक बायंडिंगहून कधी येईल, एवढंच विचारायला. तुमच्या व्याख्यानाआधी आलं तर बरं, म्हणून."

पत्र मी वाचलं. डिक्शनरी लागली नाही. पुस्तक जागेवर आहे. बायंडिंगला कधीही गेलेलं नाही. श्री. मगदूम यांना पूर्वी पत्र दिले होते, ते अद्याप आलेले नाहीत. सोबत पान ६१ ची टाइप केलेली नक्कल.

भिंतीवर सात घड्याळं आहेत. सातही ऐकू येत होती.

ते म्हणाले, "हे पत्र मी कुणाला दाखवलं नाही. पान तुमचं. शोध तुमचा. मला या गावात तीस वर्षं कधी सुचलं नाही ते तुम्हाला सुचलं. मार्चमध्ये मी हसायला नको होतं." आणि पत्र माझ्यापाशीच ठेवून, चालू घड्याळ मनगटाला बांधून गेले.

त्यांच्या माफीची मला गरज नव्हती.

रविवार, २८ जुलै.

रात्रभर विचार करून स्पष्ट झालं. संशोधनात मोठ्या कामांसाठी मदतनीस लागतात. विषय माझा, तळटीप माझी, पत्रव्यवहाराचं किरकोळ काम प्रोफेसरांनी केलं. यात वावगं काही नाही.

पान ६१ चं भाषांतर: 'कोल्हापूर. स्टेशनवरील घड्याळ मद्रास वेळ दाखवते. गावात निराळी वेळ चालते. ती नक्की किती निराळी आहे हे गावात विचारले असता कोणालाही खात्रीने सांगता आले नाही. प्रवाशांनी गाडीच्या बऱ्याच आधी यावे.'

म्हणजे रेल्वेच्या त्या मद्रास वेळेहून निराळी अशी गावाची वेळ होती! सिद्ध! तेहेतीस मिनिटं चार सेकंद मात्र नाहीत. २१४ पानांत हा आकडा मी तीनशे अकरा वेळा लिहिलाय. 'कोणालाही खात्रीने सांगता आले नाही' हे वाक्य व्याख्यानात जरा भरभर वाचावं लागेल.

दिलदारला सांगितलं, पान आलं. तो मशीन सोडून बाहेर आला आणि मला मिठी मारली. "म्या म्हटलंच हुतं! कलकत्त्याला पाय लागलं की काम हुतंयच! तुमी जाऊन वळख काढलासा म्हनून त्यांनी धाडलं!" मी नाही म्हणालो नाही. हो पण म्हणालो नाही. त्यानं लगेच दुसऱ्या सत्काराची तयारी सुरू केली. हलगी तीच.

शुक्रवार, ९ ऑगस्ट.

झोप नाही. जेवण नाही. चंदना म्हणते परत कावीळ होईल. मी म्हणालो, परत म्हणजे? ती हसली आणि भाजी चिरायला लागली.

हिला सगळं माहीत आहे. पहिल्या दिवसापासून माहीत असणार. ज्ञानूनं खोकला ओळखला असणार. खोकल्याची बाटली! आज उलगडा झाला.

शनिवार, १० ऑगस्ट. सरकारी ६.५०.

उद्या व्याख्यान. आज पहिलं पान भरायचं. पान ६१ ची नक्कल चिकटवली. खाली एक ओळ लागते: हे कुठून, कसं मिळालं. ग्रंथाचा नियम आहे. तीच ओळ उद्या वाचून सुरुवात करायची. प्रोफेसर समोर बसणार आणि काही बोलणार नाहीत, हे माहीत आहे. तेच जड जातंय.

पहिला मसुदा: 'हे पान मिळवण्यासाठी लेखकाने कलकत्त्याचा प्रवास केला.' खोडलं. प्रवास हातकणंगलेपर्यंत झाला.

दुसरा: 'लेखकाने कलकत्त्याच्या दिशेने प्रवास केला.' दिशा बरोबर आहे, पूर्वच. पण अंतर न देता नुसती दिशा देणं ही लबाडी. एखाद्यानं मला असं घड्याळ विकलं असतं तर मी परत केलं असतं. खोडलं.

तिसरा: 'हे पान कलकत्त्याहून प्राप्त झाले.' कुणाला? खोडलं.

शेवटी लिहिलं: 'हे पान प्रा. गणपतराव इंगवले यांनी एक कार्ड टाकून मागवले. लेखक कलकत्त्यास गेला नाही. तो १२ जून ते २ जुलै १९७४ या काळात पेठ वडगाव येथे बहिणीच्या घरी होता.'

तपासलं. तारखा बरोबर. नावं बरोबर. कुठं खोडायला जागा नाही.

चंदना तांदूळ निवडत होती. तिला वाचून दाखवलं. तिनं पूर्ण ऐकलं, एक खडा काढून बाजूला टाकला आणि म्हणाली, "घरी हुतासा कुटं? माळ्यावर हुतासा. तसं लिवा."

दुरुस्ती योग्य आहे. केली.